वाघजाईच्या खात्यावर

यमुनाताई आखाडे आमच्या गावाला तलाठी म्हणून आल्या तेव्हा म्हाताऱ्या मंडळींना पहिला प्रश्न पडला तो हाक कशी मारायची याचा. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. सरकारने पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लिहिलंय, पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक पुरी होईपर्यंत माणूस निघून जातो. बाईमाणसाला भाऊसाहेब कसं म्हणायचं यावर देवळापुढच्या ओट्यावर बराच खल झाला. शेवटी किसनतात्यांनी निकाल दिला, "हुद्दा भाऊसाहेबाचा हाय न्हवं? मग भाऊसाहेबच." तेव्हापासून म्हातारे त्यांना भाऊसाहेब म्हणत, पोरं मॅडम म्हणत आणि मी ताई म्हणे. त्या तिन्ही हाकांना ओ देत, पण थांबत नसत. चालता चालता "बोला" म्हणत, आणि मग ज्याचं काम असेल त्याला त्यांच्या मागून चालत बोलावं लागे.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान त्यांच्या ऑफिसला लागूनच. मध्ये एक पत्र्याची भिंत. त्यांचं निम्मं बोलणं मला भिंतीतून ऐकू यायचं, आणि उरलेलं निम्मं त्या माझ्याच दुकानात येऊन बोलायच्या, कारण ऑफिसातला प्रिंटर त्यांच्या आधीच्या भाऊसाहेबांच्या वेळेपासून रुसलेला होता. तो कधी दुरुस्त होईल असं विचारलं की म्हणायच्या, "मागणी वर पाठवलीय." वर म्हणजे कुठे, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं.

त्या बसत नसत. खुर्ची होती, चांगली फिरणारी होती, पण तिच्यावर आलेल्या म्हाताऱ्या बसायच्या आणि ताई टेबलाभोवती फेऱ्या मारत त्यांचे कागद वाचायच्या. सही भिंतीवर कागद धरून, स्कूटरच्या सीटवर, एकदा तर घाईत माझ्या पाठीवर कागद ठेवून केली होती. भाकरी उभ्यानंच खायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, दोन घास बसून खा, अन्न अंगी लागेल." त्यावर म्हणाल्या, "आमचं घराणं ताम्हिणीकडचं, मेंढरं राखणारं. लहानपणी बसलं की मेंढरू दुसऱ्याच्या रानात शिरायचं आणि मार आमाला बसायचा. आता मेंढरं न्हाईत, पण बसलं की जीव धडधडतो." हे त्या हसत सांगायच्या, पण खोटं नव्हतं. कधी मीटिंगमध्ये बसावं लागलं तर टेबलाखाली त्यांचा पाय हलत राही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "कागद चालला पाहिजे. कागद बसला की माणसाला चालावं लागतं." त्यामुळे वारसनोंदीचा कागद कुठे अडला की त्या स्वतःच स्कूटरला किक मारून निघत. गावाला हे आवडायचं. मला त्याचा थोडा वैतागही यायचा, कारण निघताना त्या माझं स्टेपलर, माझं पेन, एकदा माझी छत्री अशी हाताला लागेल ती वस्तू घेऊन जायच्या आणि दुसरीकडे ठेवून यायच्या. त्या छत्रीचा पत्ता आजही लागलेला नाही.

गावाबाहेर शहरातल्या लोकांचे बंगले झाले आहेत. त्यातल्या एका गृहस्थांनी जमिनीचा सारा भरायला साफ नकार दिला होता. भूगावला फ्लॅट, इथे शनिवार-रविवारचा बंगला, आणि बोलणं सगळं अर्धं इंग्रजी. माझ्या दुकानात उभं राहून म्हणाले, "टॅक्स भरून मिळतं काय? आमचा रोड बघा आधी." दुसरा कुणी तलाठी असता तर नियम वाचून दाखवला असता. ताई म्हणाल्या, "चला, दाखवा." आणि त्या माणसाला त्याच्या पांढऱ्या बुटांसकट अख्खा रस्ता चालवला. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून त्याच्याच मोबाइलवर फोटो काढायला लावले. परत आल्यावर माझ्याकडून तक्रारीचा अर्ज टाईप करून घेतला, त्यावर त्याची सही घेतली, आणि मग म्हणाल्या, "तुमची तक्रार खरी आहे. ती मी आजच पाठवते. आता सारा भरा." गृहस्थ घामाने निथळत होते, त्यांनी मुकाट भरला. रस्ता अजून तसाच आहे, हे मी लपवत नाही. पण पुढच्या वर्षी ते आपणहून आले आणि खड्ड्यांचे नवे फोटोही घेऊन आले.

ताईंच्या अंगी एक मोठा दोष होता, तो म्हणजे घाई. लिहिताना त्यांचा हात डोक्याच्या मागे पडायचा. त्यामुळे जिथे दहा नावं लिहायची तिथे त्या पहिलं नाव लिहून पुढे ‘व इतर’ असं ठोकून द्यायच्या. सोबत यादी जोडलेली असे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी चेष्टेने म्हणायचे, "ताई, तुमच्या लग्नपत्रिकेवर नवऱ्याचं नाव तरी पुरं होतं का?" त्या म्हणायच्या, "ते छापणाऱ्यानं लिहिलं होतं."

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. वाघजाई आमची ग्रामदेवता, आणि देवळामागचा जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर मालक म्हणून देवीचं नाव, आणि खाली वहिवाटदार म्हणून सोपानकाका गुरवांचं. जमीन तिथे सारा, त्यातून देवीही सुटलेली नाही. होळीच्या आधी तलाठ्याने देवळापुढच्या ओट्यावर सारा गोळा करायचा, आणि पहिली पावती वाघजाईच्या नावाने फाडायची. आईने भरल्याशिवाय लेकरांनी भरायचा नाही, अशी ही जुनी पद्धत. देवीचा सारा असतो चहाच्या कपाच्या किमतीएवढा. तो सोपानकाका भरतात, पावती देवीच्या पायाशी ठेवतात, आणि मग ओळ लागते. आता फोनवरून भरायची सोय आहे, मीच ती सोय पाच-दहा रुपये घेऊन करून देते, पण त्या दिवशी माझ्याकडे कुणी फिरकत नाही. लोकांना सारा हातात द्यायचा असतो.

त्या वर्षीही तसंच झालं. ताईंनी उभ्याने सगळ्या पावत्या फाडल्या, रक्कम एका चलनाने भरली, आणि चलनावर भरणाऱ्याचं नाव घातलं, ‘वाघजाई देवी व इतर’. सोबत यादी जोडली. वर कुठल्या तरी टेबलावर ती यादी चलनापासून सुटली. कुणाच्या हातून, ते आजवर कळलेलं नाही. संगणकावर नोंद करणाऱ्याने समोर दिसलं ते नाव टिपलं, आणि अख्ख्या गावाचा सारा एकट्या वाघजाईच्या खात्यावर जमा झाला. देवीचा पुढच्या कित्येक पिढ्यांचा सारा आगाऊ भरला गेला आणि बाकीचं गाव थकबाकीदार ठरलं.

हे उघड झालं दिवाळीनंतर, नोटिसा आल्यावर. रक्कम म्हणाल तर कुणाचीच फार नव्हती. पण थकबाकी दिसत असेल तर बँक कर्ज देत नाही, आणि किसनतात्यांनी खोल्या बांधायला कर्ज मागितलं होतं. हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरांना भाड्याने द्यायच्या खोल्या, जोत्यापर्यंत आलेल्या. बँकेने कागद परत केले. तात्या नोटीस घेऊन ग्रामसभेत उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं.

"भाऊसाहेब, आमी पैसं दिलं. तुमी पावती दिली. सरकार म्हणतंय पैसं आलंच न्हाईत. मग मधी कोण हाय?"

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मधी मीच हाय, तात्या."

"मग खाल्लं कुणी, ते आमी इचारायचं का तुमी सांगताय?"

ताईंनी चलन कसं लिहिलं, यादी कशी सुटली, सगळं सांगितलं. अर्धी चूक माझी आहे, असंही सांगितलं. पण ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की पैसे देवीच्या खात्यावर गेले ही गोष्ट कुणाला पटत नव्हती. ती शाळा बुडवलेल्या पोराने सांगावी तशीच वाटत होती. शेवटी ताई एवढंच म्हणाल्या, "माझी बदली हुयाच्या आत परत्येकाच्या नावापुढची थकबाकी जाईल. न्हाई गेली तर तुमी म्हणताय ते खरं धरा."

त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आधी फेऱ्या मारायच्या त्या कामाच्या होत्या, आता नुसत्याच मारायच्या. माझ्या दुकानात यायच्या, काय हवं ते विसरायच्या, परत जायच्या. रस्त्याने जाताना बायका पूर्वी "चहा घ्या" म्हणायच्या, त्या आता पदर सावरून आत जाऊ लागल्या. मला त्यांची काळजी वाटायची आणि गावाचा संतापही यायचा. आणि खरं सांगायचं तर एखाद्या संध्याकाळी वाटून जायचं, नसेल ना खरंच हिने? मग मीच मला शिव्या द्यायचे.

एकदा त्यांच्या साहेबांचा फोन आला तेव्हा त्या माझ्याकडेच होत्या. हातात कागद होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, रक्कम ती केवढी? भरून टाका खिशातून आणि मिटवा. एवढ्यासाठी किती पत्रं लिहिणार?"

मलाही मनातून तेच वाटत होतं. ताई म्हणाल्या, "साहेब, मी भरले तर गाव काय म्हणेल? हिनेच खाल्ले होते, गळ्याशी आलं तसे गुपचूप भरले. आणि एकाच साऱ्याचे पैसे सरकारात दोनदा जमा होतील. ती दुसरी चूक मग कोण निस्तरणार?"

"तुम्ही फार विचार करता."

"पैसे सरकारकडेच आहेत, साहेब. फक्त नाव चुकलंय. नाव दुरुस्त करा."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी शोधून सांगितलं की दुरुस्ती होईल, पण ज्याच्या खात्यावर जास्तीची रक्कम पडली आहे त्या खातेदाराने लेखी द्यायला हवं, की ही रक्कम इतरांच्या खात्यांवर वळती करायला माझी हरकत नाही. खातेदार कोण, तर वाघजाई. तिच्या वतीने सही करणार वहिवाटदार, म्हणजे सोपानकाका.

मी तो अर्ज टाईप केला. ताईंनी या वेळी प्रत्येकाचं नाव लिहायला लावलं, ‘व इतर’ कुठेही नको म्हणाल्या. आम्ही दोघी तो घेऊन काकांकडे गेलो. काकांनी अर्ज वाचला आणि खाली ठेवला.

"भाऊसाहेब, तुमचं खरं हाय. पर आईच्या नावावर पडलेलं मी कसं उचलू? वाहिलेलं माघारी घेत न्हाईत. उद्या घरात कुणाला काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

मला वाटलं होतं काकांचाच काय तो अडसर. पण गावात बोलणं निघालं तर निम्मं गाव काकांच्या बाजूने. आईकडं गेलं ते गेलं, आपण परत भरू, देवीशी हिशोब नको. म्हणजे मौज बघा, ताईंनी पैसे खाल्ले असंही हेच म्हणत होते, आणि पैसे देवीकडे आहेत, ते मागायचे नाहीत, असंही हेच. मी हे एकदोघींना बोलून दाखवलं. त्या माझ्याकडे मीच येडी असल्यासारख्या बघायला लागल्या. ताई मात्र गावावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांच्या जागी माझी आई असती तर तीबी हेच म्हणाली असती." आणि काकांना निरोप धाडला, कौल लावा.

कौल म्हणजे देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळची वेळ होती, देऊळ भरलं होतं. काकांनी हात जोडले. "आई, गावाचं पैसं तुझ्या खात्यावर जमा झाल्यात. ते माघारी देतीस का?" डावी कळी पडली.

लोक उठायलाच लागले होते. ताई मागून म्हणाल्या, "काका, इचारण्यात चूक झाली."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"माघारी देतीस का, असं इचारलं तुमी. म्हंजी ते तिचं धरूनच चाललाय. तिचं हायेत कुटं ते? असं इचारा, लेकरांचं पैसं चुकून तुझ्या नावावर पडल्यात, ते तू ठिवून घेतीस का?"

कुणीतरी कुरकुरलं, कौल दोनदा लावत नाहीत म्हणून. तेव्हा किसनतात्या बोलले. त्यांचं कर्ज अडलेलं होतं हे खरं, पण माणूस न्यायाचाही होता. "एकच गोष्ट दोनदा इचारत न्हाईत. ही गोष्ट दुसरी हाय. लावा काका."

काकांनी नव्या कळ्या लावल्या. या वेळी किती तरी वेळ कुठलीच पडेना. ताईंना उभं राहवेना, त्या बाहेर जाऊन दीपमाळेभोवती फिरू लागल्या. मी दारातून एकदा आत बघत होते, एकदा त्यांच्याकडे. शेवटी डावी कळी पडली. काका हळूच म्हणाले, "न्हाई म्हणली. ठिवून घेत न्हाई." कळी किती ओली होती, वारा कुठून होता, असले प्रश्न मला एरवी पडतात. त्या दिवशी मी ते पडू दिले नाहीत. काकांनी तिथेच ओट्यावर सही केली, आणि ताई अर्ज हातात घेऊन स्कूटरकडे पळाल्या.

पुढे बरेच महिने गेले. अर्ज इकडून तिकडे फिरत राहिला, ताई त्याच्या मागून फिरत राहिल्या. मे महिन्यात त्यांची बदली आली, लांब, घाटापलीकडे. त्यांचा चार्ज माले गावाला बसणाऱ्या एका तरुण भाऊसाहेबांकडे गेला. त्याच आठवड्यात माझ्या संगणकावर एकेकाची थकबाकी शून्य दिसायला लागली. मी उतारे काढत गेले, ताई ते उभ्याने बघत गेल्या, प्रत्येक नावावर बोट ठेवत. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. माफीही कुणी मागितली नाही. मला फार राग आला होता.

निघायच्या दिवशी ताई सामान बांधून माझ्याकडे आल्या, आणि मागोमाग किसनतात्या आले. हातात सोपानकाकांकडे आलेली नोटीस.

"भाऊसाहेब, घोटाळा झाला. आईला नोटीस आलीया. ती थकबाकीदार हाय म्हणं."

मी संगणकावर बघितलं. खरंच होतं. रक्कम वळती करताना वरच्यांनी देवीच्या खात्यावरचं सगळंच उचललं होतं, तिचा स्वतःचा चहाच्या कपाएवढा सारासुद्धा. ताई आधी खळखळून हसल्या, किती महिन्यांनी हसल्या.

तात्यांनी अंगातल्या कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या. "आईचं मी भरतो. हे घ्या."

"माझा चार्ज गेला, तात्या. मला आता पावती फाडता येत न्हाई."

"पावती मागितली कुणी?" तात्यांनी त्यांचा हात धरला, त्यात नोटा ठेवल्या आणि मूठ मिटवली.

ग्रामसभेत ‘खाल्लं कुणी’ म्हणून विचारणारा हा माणूस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ताईही आता रडणार. पण त्या संतापल्या. नोटा त्यांनी तात्यांच्या हातात परत कोंबल्या.

"येवढं सगळं कशापायी केलं मी? उद्या माझ्या जागी कोण येईल, त्यालाबी असंच देताल? पावतीबिगर कुणाला पैसा द्यायचा न्हाई. मलाबी न्हाई."

"तुमच्यावर इस्वास हाय म्हून दिलं."

"माझ्यावर नगा ठिवू. पावतीवर ठिवा."

तात्या शांतपणे म्हणाले, "पावती तर मागंबी हुती, भाऊसाहेब."

ताई म्हणाल्या, "व्हय, हुती. म्हणूनच मला भांडता आलं. पावती नसती तर मी कुणाला काय दाखवलं असतं? आन् तुमी तरी मला कशाच्या जोरावर इचारलं असतं?"

ताईंनी स्कूटर चालू केली. "बसा मागं. मालेला जाऊ. नव्या भाऊसाहेबांकडनं आईच्या नावाची पावती घेऊ, आन् नोंद झालेली डोळ्यांनी बघूनच माघारी येऊ."

तात्या आयुष्यात कुणा बाईच्या मागे गाडीवर बसले नसतील. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. ते अवघडून बसले. स्कूटर वळणापर्यंत गेली तरी ताईंचा आवाज ऐकू येत होता, त्या अजून रागावतच होत्या. तात्या मागे मान हलवत होते. त्यांनी एका हाताने डोक्यावरची टोपी धरली होती, आणि दुसऱ्या हातातल्या नोटा वाऱ्याने उडू नयेत म्हणून छातीशी घट्ट दाबून धरल्या होत्या.